जिनिव्हाचा निकाल आणि कोल्हापूरचा ऊस

संयुक्त राष्ट्रसंघाला 75 वर्षे पूर्ण होत असताना, 2020 मध्ये, संघाने जगभरच्या लोकांना भविष्याविषयी काही प्रश्न विचारले. 15 लाखांहून अधिक लोकांनी उत्तरे दिली आणि आजच्या संकटांना तोंड द्यायचे तर देशादेशांतील सहकार्य अत्यावश्यक आहे, असे त्यांपैकी 87 टक्के लोकांनी सांगितले. या आकड्याचे तेव्हा बरेच कौतुक झाले. मला मात्र तो वाचून फारसा धीर आला नाही, कारण सहकार्य असावे का, या प्रश्नाला नाही म्हणण्याचे कोणालाच कारण नसते आणि हो म्हणण्यात कोणाचे काही जातही नाही. जागतिक नियमांविषयी लोकांना खरोखर काय वाटते हे पाहायचे असेल, तर तो नियम जिथे त्यांच्या शिवाराला आणि खिशाला येऊन भिडतो तिथे पाहावे लागते. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर ती जागा सुरक्षा परिषद नव्हे. ती जागा जिनिव्हातली जागतिक व्यापार संघटना आहे.

ज्यांनी 1990 च्या दशकाची सुरुवात जाणत्या वयात पाहिली आहे, त्यांना 'डंकेल' हे नाव वेगळे सांगावे लागणार नाही. व्यापार संघटना जन्मण्यापूर्वी देशादेशांतील व्यापाराचे नियम ठरवणाऱ्या गॅट कराराचे तेव्हाचे महासंचालक आर्थर डंकेल यांनी डिसेंबर 1991 मध्ये वाटाघाटींचा एकत्रित मसुदा सादर केला आणि पुढची दोन-तीन वर्षे हा स्विस अधिकारी आपल्याकडच्या सभांमध्ये, भिंतींवर आणि अग्रलेखांत वावरत राहिला. बियाणे घरचे राहणार नाही, औषधे परवडणार नाहीत, शेती परदेशी कंपन्यांच्या हाती जाईल, अशी भीती होती. डावे पक्ष आणि रा. स्व. संघाच्या परिवारातील स्वदेशी जागरण मंच एरवी एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत. या प्रश्नावर मात्र दोघांचा सूर एक होता. शेजारच्या कर्नाटकात प्रा. नंजुंडस्वामी यांच्या रयत संघाने तर डिसेंबर 1992 मध्ये बंगळुरूतील कारगिल या अमेरिकी कंपनीच्या कार्यालयावर चाल केली.

महाराष्ट्रातील सर्वात मोठ्या शेतकरी संघटनेचा नेता मात्र नेमक्या उलट बाजूला होता. शरद जोशी डंकेल प्रस्तावाच्या समर्थनार्थ उभे राहिले, याचे त्या काळी अनेकांना कोडे पडले आणि काहींनी त्यांच्या हेतूंवरही शंका घेतली. वास्तविक त्यांचा युक्तिवाद सरळ होता. शेतकऱ्याला लुटतो तो परदेशी व्यापारी नव्हे, तर लेव्ही (सरकारी दराने सक्तीची खरेदी), जिल्हाबंदी (जिल्ह्याबाहेर माल नेण्यास मनाई) आणि निर्यातबंदी लादणारे आपलेच सरकार, हे ते आधीपासून मांडत होते. आणि भारताने गॅटकडे दिलेल्या आकडेवारीत शेतीला मिळणारे सरकारी साहाय्य शून्याच्याही खाली निघाले, तेव्हा त्यांच्या हाती सरकारचाच कबुलीजबाब आला. 'उणे सबसिडी' हा शब्द तिथून संघटनेचा बिल्ला लावणाऱ्या गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या तोंडी गेला. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. जोशी शेतीत उतरण्यापूर्वी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जागतिक टपाल संघात नोकरीला होते. 1874 मध्ये स्थापन झालेल्या या संघामुळे एका देशाचे तिकीट लावलेले पत्र दुसऱ्या देशाचा पोस्टमन मुकाट्याने घरपोच करतो. देशादेशांतील नियम चालू शकतात, हे त्यांनी कचेरीत बसून पाहिले होते. त्यांच्या समर्थनात या अनुभवाचा वाटा किती होता हे सांगता येणार नाही; पण पुणे जिल्ह्यातील आंबेठाणच्या आपल्या कोरडवाहू जमिनीवरून जिनिव्हाकडे पाहताना त्यांना इतरांइतके बिचकायला झाले नाही, एवढे खरे.

मग प्रत्यक्षात काय घडले? बियाण्यांबाबतची भीती अगदी खोटी नव्हती, पण ती खरीही ठरली नाही, आणि याचे श्रेय बरेचसे विरोध करणाऱ्यांना जाते. 2001 मध्ये आपल्या संसदेने वाणांच्या संरक्षणाचा जो कायदा केला, त्यात संरक्षित वाणाचेही बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा आणि ब्रँडचे नाव न लावता विकण्याचा शेतकऱ्याचा हक्क शाबूत ठेवण्यात आला. 2019 मध्ये पेप्सिको कंपनीने गुजरातमधील बटाटा उत्पादकांवर दावे लावले, तेव्हा याच हक्काचा आधार घेऊन गदारोळ उठला आणि कंपनीला दावे मागे घ्यावे लागले. करार झाला तरी त्याच्या चौकटीत आपला कायदा कसा रचायचा याला वाव होता, आणि रस्त्यावरच्या आंदोलनाने तो वाव वापरायला सरकारला भाग पाडले. जागतिक कारभारावरील लोकमताचा इतका थेट परिणाम फार क्वचित दिसतो.

दुसरी परीक्षा 1999 मध्ये झाली. परकीय चलनाच्या टंचाईचे कारण देऊन भारताने शेकडो वस्तूंच्या आयातीवर संख्यात्मक निर्बंध ठेवले होते. अमेरिकेने तक्रार केली, गंगाजळी पुरेशी आहे असे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने सांगितले आणि भारत खटला हरला. त्यानंतर 1 एप्रिल 2000 रोजी 714 आणि 1 एप्रिल 2001 रोजी 715 वस्तूंवरील निर्बंध उठवण्यात आले. आता परदेशी मालाचा पूर येणार, अशी ओरड तेव्हा झाली. पूर आला नाही, कारण आयात शुल्क वाढवण्याची मोठी मुभा भारताने आधीच राखून ठेवली होती. मला या प्रसंगातील लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट वेगळी वाटते: निकाल विरोधात गेला, तो कोणालाही आवडला नाही आणि तरीही भारताने तो पाळला.

वीस वर्षांनी उसाच्या खटल्यात काय झाले, ते यापुढे ठेवून पाहावे.

2019 मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या तीन साखर निर्यातदार देशांनी भारताविरुद्ध तक्रारी केल्या. वादाच्या केंद्रस्थानी होती ती एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर. ऊस पट्ट्यातल्या वाचकांना हे पाठच असेल, पण इतरांसाठी सांगतो. 2018-19 च्या हंगामात केंद्राने 10 टक्के साखर उताऱ्याला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला, क्विंटलमागे 275 रुपये दर ठरवला होता आणि त्यावरील प्रत्येक 0.1 टक्क्याला 2 रुपये 75 पैसे अधिक. कोल्हापूर-सांगलीकडे उतारा 12 टक्के धरला तर टनाला 3300 रुपये होतात, त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाते आणि उरलेली रक्कम ऊस गाळपाला गेल्यापासून 14 दिवसांत खात्यावर जमा व्हावी, असा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. ती 14 दिवसांत किती वेळा जमा होते, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

भारताचा बचाव असा होता की हा पैसा सरकार देत नाही, कारखाना देतो. सरकार उसाची एक कांडीही विकत घेत नाही. मग याला सरकारी साहाय्य कसे म्हणता? आपल्या कोणत्याही ऊस उत्पादकाला हा मुद्दा चटकन पटेल. व्यापार संघटनेने नेमलेल्या तंटा समितीला तो पटला नाही. सरकारने बाजाराऐवजी स्वतः दर ठरवला की ते साहाय्यच झाले, मग पैसा कोणाच्याही तिजोरीतून येवो, असा अर्थ समितीने कराराच्या मजकुरावरून लावला. विकसनशील देशाला एखाद्या पिकाच्या उत्पादन मूल्याच्या 10 टक्क्यांपर्यंत असे साहाय्य देता येते. 2014-15 ते 2018-19 या पाचही हंगामांत भारताने ही मर्यादा ओलांडली, असा निकाल 14 डिसेंबर 2021 रोजी लागला. साखर निर्यातीसाठी दिलेले अनुदानही नियमबाह्य ठरले. 2019-20 मध्ये ते टनाला 10,448 रुपयांपर्यंत होते आणि त्याच्या जोरावर परदेशी गेलेल्या साखरेमुळे आमचे भाव पडतात, हे तक्रारदारांचे म्हणणे मला तरी कांगावा वाटत नाही.

या हिशेबात एक मोठा अन्यायही दडलेला आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. साहाय्य किती, हे मोजताना आजच्या दराची तुलना 1986 ते 1988 या काळातील संदर्भ किमतीशी केली जाते. साडेतीन दशकांत डिझेल, मजुरी, खत या सर्वांचे भाव कुठून कुठे गेले, ते त्या सूत्राला दिसत नाही. मूळ करार लिहिताना हे कोणाच्या लक्षात आले नसेल असे मानणे कठीण आहे. तरीही त्यावर सह्या झाल्या आणि आपलीही सही त्यात आहे.

निकाल लागल्यावर भारताने महिनाभराच्या आत अपील केले. यात गैर काही नाही. फक्त ते अपील ऐकायला कोणी नव्हते. व्यापार संघटनेच्या सात सदस्यांच्या अपील मंडळावर नव्या नेमणुका करू देण्यास अमेरिकेने अनेक वर्षे नकार दिला. 10 डिसेंबर 2019 रोजी उरलेल्या तिघांपैकी दोघांची मुदत संपली आणि त्यांतले एक भारताचेच उजल सिंग भाटिया होते. सुनावणीसाठी किमान तीन सदस्य लागतात, त्यामुळे मंडळ तेव्हापासून बंद आहे. आता हरलेला पक्ष अपील दाखल करतो, ते पडून राहते आणि निकाल कधीच बंधनकारक होत नाही. युरोपीय संघ, चीन आणि इतर काही देशांनी 2020 मध्ये आपापसात पर्यायी लवादाची सोय केली. भारत त्यात सहभागी झाला नाही.

भारत प्रत्येक व्यासपीठावर अपील मंडळ पुन्हा सुरू करण्याची मागणी करतो आणि ती योग्यच आहे. परंतु उद्या ते सुरू झाले तर उसाचा निकाल कायम होण्याची शक्यता मोठी आहे, हेही दिल्लीला ठाऊक आहे. पंच नाही म्हणून तक्रार करायची आणि पंच नाही म्हणून सुटायचेही, असा हा प्रकार आहे. जून 2022 पासून सरकारने साखर निर्यातीवरच निर्बंध आणले, त्यामुळे निर्यात अनुदानाचा वाद तूर्त थंड पडला. नियम पाळला गेला म्हणून मात्र नव्हे.

कोणी म्हणेल, अमेरिकेने वेगळे काय केले? अगदी रास्त प्रश्न आहे. कापसाच्या अनुदानांवरून ब्राझीलने अमेरिकेविरुद्ध खटला जिंकला, तेव्हा अमेरिकेने अनुदाने पुरती बंद करण्याऐवजी ब्राझीलला पैसे देऊ केले आणि 2014 मध्ये 30 कोटी डॉलरवर तो वाद मिटवला. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या कापसावर जगणाऱ्या आफ्रिकी देशांचे गाऱ्हाणे तेच होते, पण त्यांच्या वाट्याला काही आले नाही. विदर्भातील कापूस उत्पादकाचे तर या व्यवहारात नावही नव्हते. ज्याच्याकडे प्रत्युत्तरादाखल शुल्क लावण्याची ताकद आहे त्यालाच निकालाचे मोल मिळते, हे एकदा दिसल्यावर लोकांचा नियमांवरील विश्वास उडतो, आणि त्यासाठी कोणाच्या चिथावणीची गरज लागत नाही.

कांद्याची गोष्ट याहून विचित्र आहे. डिसेंबर 2023 पासून मे 2024 पर्यंत कांद्याची निर्यात बंद होती. लासलगावचा शेतकरी या बंदीविरुद्ध जिनिव्हाकडे पाहील तर त्याच्या हाती काही लागणार नाही, कारण अन्नपदार्थांची गंभीर टंचाई टाळण्यासाठी तात्पुरती निर्यातबंदी करण्यास गॅटचे अकरावे कलम मोकळीक देते. आयात अडवणाऱ्याला नियम कसून पकडतात, निर्यात अडवणाऱ्याला सोडून देतात. शरद जोशींनी ज्या आशेने त्या कराराचे समर्थन केले होते, तिची बाजू इथे लंगडी पडली.

फेब्रुवारी 2024 मध्ये अबुधाबीच्या मंत्री परिषदेच्या वेळी संयुक्त किसान मोर्चाने भारताने व्यापार संघटनेतून बाहेर पडावे, अशी मागणी केली. ती मला मान्य नाही. 27 ऑगस्ट 2025 पासून भारताच्या बऱ्याचशा मालावर अमेरिकेचे शुल्क 50 टक्क्यांवर गेले, तेव्हा नियम मोडकळीला आलेल्या जगात लहान निर्यातदाराचे काय होते, ते इचलकरंजी आणि सोलापूरच्या कापड व्यवसायानेही पाहिले. पण त्या मागणीमागचा राग मला समजतो, कारण या लोकांना कधी विचारलेच गेले नाही. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत शेती हा राज्य सूचीतील 14 क्रमांकाचा विषय आहे आणि परराष्ट्रांशी करार हा संघ सूचीतील 14 क्रमांकाचा. क्रमांकांचा हा योगायोग बाजूला ठेवला तरी परिणाम असा होतो की शेती राज्याची, पण तिच्यावरील करार केंद्राचा. आणि तो करण्यापूर्वी संसदेची मंजुरी घेण्याचेही घटनात्मक बंधन नाही. मराकेश येथे एप्रिल 1994 मध्ये व्यापार संघटना स्थापणाऱ्या करारावर झालेल्या सहीपूर्वी मुंबईच्या विधानभवनाचा होकार कोणी घ्यावा, अशी व्यवस्थाच नव्हती.

म्हणून माझी सूचना अगदी मर्यादित आहे. उसाच्या खटल्याचा निकाल इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश या संघटनेच्या तीन अधिकृत भाषांत प्रसिद्ध होतो. ज्यांच्या उसाबद्दल तो आहे त्यांच्यासाठी पुण्याच्या साखर आयुक्तालयाने त्याचा मराठी गोषवारा काढावा, एफआरपीवरील भाग त्यात सविस्तर द्यावा आणि अपील मंडळ पुन्हा उभे राहिले तर दर ठरवण्याची पद्धत कशी बदलावी लागेल, ते स्पष्ट लिहावे. गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी, जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत पहिल्या उचलीची, म्हणजे उसाच्या पहिल्या हप्त्याची, चर्चा होते तेव्हा, हा कागद तिथे हातात असावा.