दुखतंय पुढं, गाठ मागं

महालक्ष्म्यांच्या आधीचे पंधरा दिवस आमच्या धंद्यात सुगीचे. सेलूला मी चोवीस वर्षं ब्लाऊज शिवते. त्या पंधरवड्यात रोज सात-आठ ब्लाऊज, वर फॉल-पिको. गेल्या वर्षी ह्याच गर्दीत माझा उजवा खांदा गेला. एकदम नाही. आधी रात्री त्या कुशीवर झोपता येईना. मग वेणी घालताना हात डोक्यापर्यंत जाईना. दसऱ्याच्या आसपास स्वतःच्या ब्लाऊजचा मागचा हुक लावायला सुनेला हाक मारावी लागली. दुसऱ्यांच्या ब्लाऊजला हजारो हुक लावलेल्या बाईला त्या दिवशी रडू आलं.

दुखायचं खांद्याच्या पुढच्या बाजूला, आत खोल. तिथून दंडावरून खाली कळ जायची. आत्याबाई म्हणाल्या, "माय, किती दिवस सोसायलीस, चोळून घे." दोन महिने गल्लीतल्या मावशींकडून तेल लावून घेतलं. पुढचीच बाजू चोळली, कारण दुखत तिथंच होतं. मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणून खाल्ल्या, पित्त वाढलं. दिवाळीच्या मागेपुढे एका मंगल कार्यालयात सुयांचं शिबिर लागलं, तिथंही गेले. रांगेत माझ्या पुढं दोघी होत्या. पहिलीच्या पाठीतून काढलेल्या सुया त्या माणसानं स्टीलच्या डबीत टाकल्या आणि थोड्या वेळानं त्याच डबीतून काढून दुसरीला लावायला घेतल्या. मी उठून बाहेर आले. त्या बाईला सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. ते अजून मनात आहे. एकाच्या अंगातली सुई दुसऱ्याच्या अंगात गेली की काविळीसारखे रोग रक्तातून जातात, हे मला माहीत होतं.

दिवाळीनंतर पॅसेंजरनं परभणीला हाडाच्या डॉक्टरांकडं गेले. एक्स-रेत काही नव्हतं. साखर तपासली, कारण मधुमेह असला तर खांदा गोठण्याची शक्यता वाढते. ती ठीक निघाली. मग डॉक्टरांनी मला हात वर करायला सांगितला. निम्म्यावर अडकला. "आता ढिला सोडा," म्हणाले आणि स्वतः उचलला. दुखला, पण जवळजवळ पूर्ण गेला. "खांदा गोठलेला नाही. गोठलेला खांदा मी उचलला तरी अडतो, विशेषतः हात बाहेर फिरवताना. तुमचा सांधा चांगला आहे, स्नायू आखडलेत आणि कमजोर झालेत." गोळ्या बंद केल्या आणि फिजिओथेरपीची चिठ्ठी दिली. चोवीस वर्षं मान खाली आणि दोन्ही खांदे पुढं, असं बसल्यावर आणखी काय होणार, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. माझ्या मला कळलं.

फिजिओथेरपीच्या मॅडम तरुण होत्या, लेकीच्या वयाच्या. त्यांनी मला पोटावर झोपवलं आणि पाठीमागं, खांद्याच्या फऱ्यावर एके ठिकाणी अंगठा दाबला. मी ओरडले, "पुढं दुखायलंय!" दाबलं मागं, कळ आली पुढं, अगदी रोजची, तीच. मॅडम म्हणाल्या, "हेच बघत होते, काकू. फऱ्यावर एक पसरट स्नायू असतो, हात बाहेर फिरवणारा. त्याच्यातल्या गाठीचं दुखणं खांद्याच्या पुढं उमटतं." दोन महिने आम्ही भलतीच जागा चोळत बसलो होतो.

पहिले दोन आठवडे शेक, हाताचा दाब आणि व्यायाम झाले. फरक पडला, पण व्यायाम करायला गेलं की त्या गाठीपाशी हात थांबायचा. तेव्हा मॅडमनी ड्राय नीडलिंगचं, म्हणजे गाठीत नुसती सुई घालायचं, विचारलं. घाई केली नाही, नीट समजावलं. ह्या सुईतून औषध जात नाही, म्हणून ती कोरडी. पूर्वी अशा गाठींत भूल देणारं औषध टोचत. दुखऱ्या गाठींचं आणि त्यांचं दुखणं कुठं कुठं उमटतं याचं शास्त्र अमेरिकेतल्या डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी मांडलं. त्या राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या डॉक्टर होत्या. पुढं १९७९ साली कारेल लेविट या चेक डॉक्टरांनी लिहिलं की आराम औषधानं येतो तसा नुसत्या सुईनंही येतो, सुई नेमकी दुखऱ्या जागी लागली पाहिजे. मग मॅडमनी प्रश्न विचारले: रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, फिट येते का, सुई बघून चक्कर येते का, त्या जागी जखम किंवा पुरळ आहे का. तरुण बायकांना दिवस गेलेत का हेही विचारतात. सगळं लिहून सही घेतली.

मी म्हणाले, "मॅडम, मला आधी सुई दाखवा." सुई ही माझी रोजची वस्तू, तिची मला पारख आहे. त्यांनी बंद पाकीट माझ्यासमोर फोडलं. माझ्या मशीनला लागते ती चौदा नंबरची सुई ०.९ मिलिमीटर जाडीची. ही ०.३० ची, म्हणजे तिच्या एक तृतीयांश, आणि आत पोकळी नाही. हातात धरली तर वाकेल अशी. जीव थोडा खाली पडला.

स्पिरिटनं जागा पुसली. प्लॅस्टिकची बारीक नळी कातडीवर टेकवून सुईच्या डोक्यावर टिचकी मारली. आत जाताना मुंगी चावल्याइतकंही कळलं नाही. मग नळी काढून त्यांनी सुई हळू वरखाली केली आणि एकदम फऱ्यावरचा स्नायू आपोआप उडाला. पाण्यातून काढलेली मासोळी उडते तसा. मी केलं नव्हतं, मला थांबवताही आलं नसतं. त्याच क्षणी पुढच्या बाजूची ती जुनी कळ दंडापर्यंत जाऊन आली आणि विरली. "हाच तो झटका," मॅडम म्हणाल्या, "ताणलेली दोरी सैल पडायली." तीन-चार झटके आले, मग यायचे थांबले. सुई काढली, कापूस दाबला, आणि सुई जाड पांढऱ्या डब्यात गेली. परत कुणाला लागणार नाही म्हणून तो डबा मी मुद्दाम बघून घेतला.

मानेच्या बुडाशी खांद्यावरच्या स्नायूत दुसरी गाठ होती. माझं कपाळाच्या बाजूचं डोकं ज्या गाठीनं दुखायचं, ती. तिथं मात्र त्या फार सावध होत्या. स्नायू चिमटीत धरून वर उचलला आणि चिमटीतच सुई घातली. फऱ्यावर सुईच्या मागं हाड असतं, पण इथं खाली फुप्फुसाचं टोक येतं. ते टोचलं गेलं तर छातीत हवा भरते. क्वचित घडतं, पण घडतं. "घरी गेल्यावर धाप लागली, छातीत दुखलं तर माझी वाट बघू नका, सरळ दवाखान्यात जा," असं त्यांनी मला आणि सोबत आलेल्या सुनेला दोनदा सांगितलं. हे सांगणाऱ्याकडंच सुई घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी खांदा जड, मुका मार लागल्यासारखा. तिसऱ्या दिवशी सकाळी सहज हात वर गेला आणि मी स्वतःची वेणी स्वतः घातली. सुनेनं बघितलं, काही बोलली नाही, पण चहा जास्त गोड झाला होता.

आनंदात मी दोन दिवस व्यायाम सोडला आणि मशीनवर बसले. पाचव्या दिवशी गाठ परत जागेवर. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "सुईनं दुखणं थोडे दिवस हटतं, काकू. त्या दिवसांत स्नायूला ताकद दिली तर टिकतं, नाही तर नाही." आठवड्याला एक अशा सहा वेळा सुया झाल्या. मधल्या सगळ्या दिवसांत रबरी पट्टा दाराच्या कडीला बांधून कोपर अंगाला चिकटवून हात बाहेर ओढणं, दोन्ही फरे मागं जवळ आणणं, भिंतीवर बोटं चढवणं. भिंतीवर मी खडूची खूण करायचे. संक्रांतीपर्यंत खूण हातभर वर गेली.

अ‍ॅक्युपंक्चरही घेतलं, पण वेगळ्या कारणासाठी. खांदा सुधारला तरी झोप मोडायची आणि मान धरायची. धाकटी बहीण छत्रपती संभाजीनगरला असते, तिच्याकडं महिनाभर राहिले आणि नोंदणी असलेल्या अ‍ॅक्युपंक्चर तज्ज्ञांकडं गेले. आपल्याकडं या पद्धतीसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे, त्यामुळं नोंदणी विचारणं हा आपला हक्क आहे. सुई तशीच बारीक, तीही नवीन पाकिटातली, पण रीत सगळी निराळी. तिथं गाठ शोधत नाहीत. चिनी वैद्यकानं अंगावर मानलेल्या रेषांवरचे ठरलेले बिंदू असतात: अंगठा आणि तर्जनीमधला, कोपराजवळचा, गुडघ्याखालचा. मानेसाठी पायात सुई का, हे मला शेवटपर्यंत नीट उमजलं नाही. झटका नाही. एक जडशी, झिणझिणणारी भावना येते, मग सुया तशाच वीस मिनिटं ठेवतात. मला तिथंच झोप लागायची.

त्यांच्या भिंतीवर सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा फोटो होता. १९३८ साली भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले आणि १९४२ साली तिथंच वारले. मला वाटायचं ही विद्या त्यांनीच आणली. तज्ज्ञांनी सांगितलं, ते शल्यचिकित्सक होते. पथकातलेच डॉ. बिजयकुमार बसू पुढं चीनला जाऊन ही विद्या शिकले आणि त्यांनी कोलकात्यात ती रुजवली. आपल्याच महाराष्ट्रातला माणूस परक्यांच्या जखमा बांधता बांधता गेला, हे ऐकून मी त्या फोटोला हात जोडले.

सहा बैठकांनी झोप सुधारली. सुयांनी की बहिणीकडच्या विश्रांतीनं, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. तज्ज्ञ स्वतःच म्हणाले की जुन्या मानदुखी-पाठदुखीत फायदा दिसतो, पण अभ्यासांत खोट्या, म्हणजे नुसता टोचल्याचा भास देणाऱ्या सुया लावलेल्यांनाही बराच आराम पडलेला आहे. त्यांच्या खरेपणानं मला बरं वाटलं.

आता दुकानात कापायच्या टेबलाखाली दोन-दोन विटा घातल्यात, त्यामुळं वाकावं लागत नाही. खुर्चीला पाठ आहे, आधी स्टूल होतं. एक ब्लाऊज झाला की उठते, दाराच्या कडीचा पट्टा पंधरा वेळा ओढते, मग दुसरा घेते. यंदा महालक्ष्म्यांना रोजचे पाचच ब्लाऊज घेतले, उरलेल्या बायकांना शेजारच्या गल्लीतल्या पोरीकडं पाठवलं. हात वर पूर्ण जातो. पाठीमागं नेला की मात्र डाव्यापेक्षा अजून चार बोटं खाली राहतो. हुकापर्यंत पोचतो, तेवढ्यानं माझं भागतं, पण पट्टा चालू आहे.