पऱ्हाटी, तेलाचे डबे आणि पिवळी तासं

पीएचडीचा विषय लोकांना सांगायची माझी हौस पहिल्या सहा महिन्यांतच फिटली. ‘काळ्या जमिनीतील कार्बन व नत्राचे चक्र’ एवढं म्हटलं की समोरचा माणूस जेवण झालं का, असं विचारायचा. मग मी सांगू लागले की मी वावराचा श्वास मोजते. त्यावर निदान लोक हसायचे तरी. हिंगणघाटच्या आतल्या बाजूला ज्या काकांच्या वावरात मी काम केलं, ते मात्र हसले नाहीत. “काहून वं पोरी? मोजून का करशीन?”

मोजायचं होतं ते असं. आपल्याकडे कापसाची वेचणी संपली की पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, उपटतात, चुलीपुरती धुऱ्यावर, म्हणजे बांधावर रचतात आणि उरलेली पेटवून देतात. पेटवली की तिच्यातला कार्बन आणि बहुतेक नत्रही हवेत जातो. तीच बारीक करून गाडली तर जमिनीत किती राहतं, किती उडून जातं आणि नेमकं कधी? काकांनी अर्धा एकर दिला. निम्म्यात पऱ्हाटी गाडायची, निम्मा नेहमीसारखा ठेवायचा.

एप्रिलमध्ये पऱ्हाटी भरडून गाडली आणि खरी गंमत सुरू झाली. वायूचे नमुने घेण्यासाठी प्लॅस्टिकची कडी जमिनीत चार बोटं रुतवावी लागते, तिच्यावर झाकण बसवून सिरिंजने हवा ओढायची. एप्रिलमधली काळी जमीन म्हणजे फरशीच. दोन कड्या हातोड्याखाली फुटल्या. गडी म्हणाला, “थोडं पानी टाका जी, नरम होईन.” मी बादली उचललीसुद्धा होती. तेवढ्यात सरांना फोन लावायची बुद्धी झाली आणि पलीकडून जो आवाज आला तो धुऱ्यावरच्या गड्यालाही ऐकू गेला असेल. कोरड्या जमिनीवर पाणी पडलं की महिनोन्‌महिने निपचित पडलेले सूक्ष्मजीव एकदम जागे होतात आणि कार्बन डायऑक्साइडचा लोट उठतो. पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर काम करताना बर्च यांनी १९५८ मध्ये हे मांडलं, म्हणून त्याला बर्च परिणाम म्हणतात. मी बादली ओतली असती तर पाऊस मीच पाडला असता. शेवटी सब्बल, म्हणजे पहार घेतली. त्यातही हात जाईल एवढ्या भेगा. कडी भेगेवर आली की आतली हवा खालून पसार. चार जागा बदलल्या.

कार्बन डायऑक्साइडसाठी मात्र जुनी, गरिबाची पद्धत वापरली. पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याचं तोंड कापायचं, आत एका बाटलीत मोजून कॉस्टिक सोडा ठेवायचा आणि डबा जमिनीवर उपडा दाबून चोवीस तास सोडायचा. जमिनीतून जो वायू निघेल तो सोडा पितो. उन्हात डबे तापू नयेत म्हणून पांढरे रंगवले, पण चुन्याने नाही. चुना स्वतःच कार्बन डायऑक्साइड पितो, उगाच हिशेबात घोळ नको. एक डबा तळ असलेला, मातीचा स्पर्श नसलेला. तो कोरा डबा, त्याच्याशी बाकीचे ताडून पाहायचे.

मृग कोराच गेला. नंतर एका रात्री पाऊस आला. मी काकांकडेच मुक्कामाला होते. बॅटरी घेऊन आम्ही दोघं चिखलात डबे दाबत फिरलो. मातीचा वास इतका की बोलावंसं वाटेना. दुसऱ्या रात्री बाटल्या काढल्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी गोठ्याच्या खांबाला सुतळीने ब्युरेट, म्हणजे खुणा असलेली काचेची नळी बांधून टायट्रेशनला, म्हणजे सोडा किती उरला ते ॲसिडने मोजायला बसले. सोड्यात बेरियम क्लोराइड टाकलं की दुधासारखा पांढरा साका बसतो. तो अडकलेला कार्बन. मग फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब, की गुलाबी रंग. वरून थेंब थेंब ॲसिड सोडायचं, रंग उडाला की थांबायचं. पावसाआधी वावरातल्या बाटल्यांना जवळजवळ कोऱ्या डब्याइतकंच ॲसिड लागायचं. त्या सकाळी निम्म्यातच गुलाबी उडाला. मला वाटलं, माझंच चुकलं. दुसरी बाटली, तिसरी, तेच. काकू बघत होत्या. त्या म्हणाल्या, “रंग गेला त याचा अर्थ वावरानं लय श्वास सोडला, असंच ना?” माझ्या प्रबंधात हे वाक्य इतकं सरळ कुठेच नाही.

नत्राचा व्याप वेगळा. ओल्या मातीतलं नायट्रेट, म्हणजे पीक उचलू शकतं तो नत्र, पिशवीत पडल्या पडल्या बदलू लागतं, म्हणून नमुने बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळा गाठायची. बर्फ गोळेवाल्याकडून घेतला, थर्माकोलची पेटी घेऊन एसटीत चढले. कंडक्टरने विचारलं, मासे का? माती म्हटल्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मासेच म्हटलं असतं तर बरं, असं वाटलं.

जुलैच्या मध्यावर काकांचा फोन आला. “येऊन पाय.” एवढंच.

गेले तर पऱ्हाटी गाडलेल्या निम्म्या वावरातली कपाशी पिवळट, खालची पानं तर पार उतरलेली. शेजारची निम्मी हिरवीगार. काका धुऱ्यावर उभे, माझ्याकडे न बघता. “तुह्या पऱ्हाटीनं माहं वावर पिवळं केलं.”

लाज वाटली ती यासाठी की हे होणार हे मला ठाऊक होतं. पऱ्हाटीत कार्बन भरमसाठ, नत्र अगदी थोडा. सूक्ष्मजीवांना कार्बन खायला मिळतो, पण अंग भरायला नत्र लागतो, तो ते मातीतून उचलतात आणि पिकाच्या आधी उचलतात. माझ्या आराखड्यात याचा आलेखसुद्धा काढलेला होता. फक्त तो आलेख कोणाच्या तरी पोटावर येणार आहे, हे मी काकांना सांगितलं नव्हतं. मग तिथेच समजावलं. समजा, लग्नघरी पाहुणे आले, भात ढीगभर आहे पण वरण नाही. ते शेजारच्या घरचं वरण उचलून आणतात. शेजारी म्हणजे कपाशी.

“अन् ते वरण वापस कवा भेटते?”

पाहुणे उपाशी पडून मरू लागले की, म्हणजे पुढे ऑगस्ट-सप्टेंबरात. काकांना तेवढा धीर नव्हता, आणि का असावा? त्यांनी युरिया काढला. ४५ किलोच्या थैलीत नत्र वीस किलोच्या वर थोडासा, आणि आपल्या चुनखडीच्या जमिनीत तो वरच पडून राहिला तर अमोनिया होऊन उडतो. शिवाय पुढे झड लागून जमीन तुंबली तर त्यातलाच काही भाग नायट्रस ऑक्साइड होतो, जो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवणारा. मी हातापाया पडून लगेच डवरा, म्हणजे कोळपं फिरवायला लावलं, युरिया मातीआड जावा म्हणून. बरोबरी राहावी म्हणून हिरव्या निम्म्यातही तेवढाच युरिया टाकावा लागला. वहीत सगळं लिहिलं. सर दोन दिवस बोलले नाहीत.

ऑगस्टअखेर दोन्हीकडची कपाशी सारखी दिसू लागली. त्यात युरियाचा वाटा किती आणि परत आलेल्या वरणाचा किती, हे या एका हंगामाच्या आकड्यांवरून मी छातीठोक सांगू शकत नाही.

हिवाळ्यात आणखी एक फटका. मोठ्या यंत्रात माती जाळून कार्बन काढला तर आकडा इतका चांगला आला की मी पेढे आणायच्या बेतात होते. सरांनी मातीच्या चिमटीवर ॲसिडचा थेंब सोडला. फसफस! यंत्राने चुनखडीतला कार्बनही मोजला होता. सगळे नमुने पुन्हा, यावेळी चुनखडीतला कार्बन न धरणाऱ्या वॉकली-ब्लॅक पद्धतीने, डायक्रोमेट आणि जळजळीत सल्फ्युरिक ॲसिड घेऊन. आकडा निम्म्याच्याही खाली आला. वायूच्या कुप्या अजून गॅस क्रोमॅटोग्राफच्या, म्हणजे वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या रांगेत आहेत.

या एप्रिलमध्ये काकांकडे गेले तर पऱ्हाटी आधीच भरडून गाडलेली, सोबत गाडीभर शेणखत. मी काही बोलायच्या आत त्यांनी धुऱ्याकडे बोट केलं. तिथली चार तासं, म्हणजे ओळी, वेगळी, काडी लावून खूण केलेली.

“त्यात शेन नाई टाकलं. पाहू न, पिवळी पडते का ते.”