मग हा राग कुठून आला?

जनुकीय समुपदेशनाच्या कामात निकाल सांगण्याचा दिवस जडच असतो; मात्र हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजाराच्या एका तपासणीत चांगली बातमीही पचायला किती अवघड जाते, हे मला पाहायला मिळाले.

समोर बसलेल्या तरुणाचे वडील याच आजाराने गेले होते. हातापायांच्या अनैच्छिक हालचाली सुरू होण्याच्या कितीतरी आधी त्यांचा स्वभाव पालटला होता. मुळात शांत असलेला तो माणूस क्षुल्लक कारणांवरून भडकू लागला आणि घरच्यांनी त्याला बराच काळ नुसता हेकेखोरपणा मानले. चौथ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात सीएजी ही डीएनएच्या लिपीतली तीन अक्षरे लागोपाठ किती वेळा येतात, यावर हा आजार ठरतो. ती संख्या ४० किंवा त्याहून अधिक असेल, तर पुरेसे आयुष्य लाभलेल्या माणसाला तो होतोच, आणि प्रत्येक अपत्याकडे दोष जाण्याची शक्यता ५० टक्के असते.

त्याच्या अहवालात आई आणि वडील यांच्याकडून आलेल्या जनुकाच्या दोन प्रतींसाठी १७ आणि १९ असे दोन आकडे होते, म्हणजे दोष आलेला नव्हता. त्या आकड्यांवर बोट ठेवून तो म्हणाला, "मग माझा राग कुठून आला?" आपला प्रत्येक संताप म्हणजे आजाराची सुरुवात, असेच तो धरून चालला होता. शेजारी बसलेली पत्नी शांतपणे म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी आजार समजून सोसत होते."

यावर काय बोलावे, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसते. जुळ्यांच्या अभ्यासांवरून माणसामाणसांतील स्वभावभेदांपैकी साधारण ४० ते ५० टक्के वाटा आनुवंशिकतेचा दिसतो, हे मी सांगितले. पण हा आकडा समूहातील फरकांचा असतो, एका माणसाच्या रागाची अशी वाटणी करता येत नाही. सर्वसाधारण स्वभावामागे हजारो जनुकीय भेदांचा अगदी बारीक बारीक हातभार असतो आणि त्यात परिस्थितीही मिसळलेली असते. हंटिंग्टनसारखे एकच जनुक माणूस पालटून टाकते, हा अपवाद. लोकांच्या लक्षात मात्र नेमका तोच राहतो.

रागासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्याचे त्याने मान्य केले. निघताना त्याने धाकट्या बहिणीविषयी विचारले. तिने तपासणी केलेली नव्हती, आणि भावाच्या निकालाने तिची शक्यता तसूभरही बदलत नाही. तिला जाणून घ्यायचे नसेल, तर तोही तिचा हक्क आहे, एवढे मी त्याला सांगितले.