मौन सोपं आहे

शुक्रवार, रात्रीचे साडेअकरा

निनादला, आमच्या मुलाला, स्काउटांच्या शिबिराच्या फाटकाशी सोडून आम्ही घरी परतलो. बाहेरचे तापमान ४६ अंश दाखवते आहे, म्हणजे आपल्या सेल्सिअसमध्ये जेमतेम आठ. तिकडे वायव्येच्या डोंगरात, डेलावेअर नदीच्या बाजूला, गारठा याहून थोडा अधिकच असेल, आणि या घटकेला तो तिथे उघड्या आकाशाखाली, जमिनीवर ताडपत्री अंथरून, स्लीपिंग बॅगेत एकटा पडलेला असेल. मला झोप येत नाही ती मात्र या गारठ्यामुळे नाही. त्याने मंगळवारी गाडीत जे एक वाक्य उच्चारले, ते गेले तीन दिवस नखात शिरलेल्या कुसळासारखे टोचते आहे, आणि लिहिल्याशिवाय ते निघणार नाही असे दिसते.

मंगळवारी पालकांची बैठक होती. बैठक मुलांच्या तयारीसाठी असेल अशा समजुतीने मी वही घेऊन गेले होते. तिथे गेल्यावर कळले की तयारी करून घ्यायची होती ती आमची. ऑर्डर ऑफ द ॲरोत, म्हणजे इथल्या अमेरिकन स्काउटांच्या मानाच्या मंडळात, दाखल होण्यापूर्वी मुलाला जो ‘ऑर्डील’, म्हणजे कसोटी, पार पाडावा लागतो, तो पाहून आई-बापांनी धीर सोडू नये, एवढाच तिचा हेतू. चर्चच्या तळघरातल्या घडीच्या खुर्च्यांवर आम्ही दहा-बारा जण बसलो होतो, आणि बोलणारा होता सतरा वर्षांचा एक मुलगा. उजव्या खांद्यावरून पांढरा पट्टा, त्यावर लाल बाण. मोठी माणसे मागे भिंतीशी उभी राहून फक्त ऐकत होती. सगळा कारभार मुलांच्याच हाती ठेवायचा, ही यांची रीत आहे.

त्याने गोष्ट अगदी मुळापासून सांगितली. १९१५ च्या उन्हाळ्यात डेलावेअर नदीतल्या ट्रेझर आयलंड नावाच्या बेटावर स्काउटांचे शिबिर होते. ते चालवणाऱ्या गुडमन आणि एडसन या दोन तरुणांना असे वाटले की जो मुलगा स्काउटची शपथ आणि नियम खऱ्या अर्थाने पाळतो, त्याचा मान व्हावा, आणि तो कोण हे मोठ्यांनी न ठरवता त्याच्याबरोबर तंबूत राहणाऱ्या मुलांनी ठरवावे. १६ जुलैला पहिला विधी झाला. निवडीची पद्धत आजही तीच आहे. मुलगा स्काउटमधल्या फर्स्ट क्लासच्या पायरीपर्यंत पोहोचलेला हवा, त्याच्या पंधरा रात्री शिबिरात गेलेल्या हव्यात, त्यांत सलग पाच रात्रींचे एक मोठे शिबिर हवे. पण हे सारे जमले तरी ट्रूपमधल्या, म्हणजे त्याच्याच स्काउट तुकडीतल्या, पोरांनी मत दिल्याखेरीज दार उघडत नाही. मत देणाऱ्यांतले बहुतेक स्वतः सभासदही नसतात. परीक्षेत पहिला आलेला मुलगा कसा असतो हे मला ठाऊक आहे. पावसात तंबू गळत असताना कसा वागतो हे पाहून निवडलेला मुलगा कसा असतो, हे मला आजवर कोणी विचारलेले नव्हते.

मग त्याने चार गोष्टी सांगितल्या. एक रात्र एकट्याने झोपायचे, दुसऱ्या दिवशी श्रमाचे काम करायचे, जेवण अगदी थोडे, आणि या सगळ्या काळात मौन. प्रत्येक छोट्या गटाबरोबर एक जुना सभासद असतो. त्याला ‘एलांगोमॅट’ म्हणतात. हा शब्द लेनापी या इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला असून त्याचा अर्थ मित्र असा आहे. त्याने कामे सांगत नुसते उभे राहायचे नसते, तर नव्या मुलांबरोबर तोही उपाशी आणि गप्प राहतो. एका बाईंनी ‘थोडे जेवण’ म्हणजे नक्की किती, असे तीनदा विचारले. एका गृहस्थांना इनहेलरची चिंता होती. औषधे, पथ्ये, ॲलर्जी हे सगळे सांभाळले जाते, असे त्यांना सांगण्यात आले. माझ्या नवऱ्याने, समीरने, अस्वलांचे विचारले. मुलाने जितक्या सहानुभूतीने उत्तर दिले, त्यावरून हा प्रश्न त्याला दर वर्षी कोणीतरी विचारत असावे.

शेवटी तो म्हणाला की यात पालकांपासून लपवून ठेवलेले काहीही नाही. कोणाला विधीचा मजकूर वाचायचा असेल तर वाचायला मिळेल, फक्त मुलाला आधी सांगू नका, त्याचे नवल त्याच्यासाठी राहू द्या. माझा हात वर जाता जाता थांबला. मी तो का थांबवला, हे अजून मला नीट कळलेले नाही.

बैठक संपल्यावर तो मुलगा मुद्दाम माझ्याजवळ आला. “तुम्ही निनादची आई ना? त्याला सगळ्यांत जड मौन जाणार आहे बघा. शेकोटीपाशी तो नकला करायला लागला की आम्ही पोट धरधरून हसतो.” मी हसून मान डोलावली, आणि याचा दुसऱ्याच कोणा मुलाशी घोटाळा होतो आहे अशी मनाशी खात्री करून घेतली.

गाडीत मी हेच निनादला गंमत म्हणून सांगितले. तो खिडकीबाहेर पाहत होता. “नाही गं आई,” तो म्हणाला, “मौन सोपं आहे. घरी मी तेच तर करतो.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. टोमणाही नव्हता, आणि असता तर मला उलट बरे वाटले असते, कारण टोमण्याला उत्तर देता येते. त्याने ते एखाद्या गणिताचे उत्तर सांगावे तसे सांगितले, आणि शुद्ध मराठीत सांगितले. गेल्या आठवड्यात तो माझ्याशी मराठीत बोललेले बहुधा सगळ्यांत लांब वाक्य तेच.

त्या रात्री मला स्वतःची फार दया आली. नऊ वर्षे दर रविवारी सकाळी मी या मुलाला मराठी शाळेत घेऊन गेले, बर्फातही गेले. त्याच्याशी घरात इंग्रजी बोलायचे नाही म्हणून मी स्वतःची जीभ किती वेळा चावली असेल. नोकरीचे तर बोलायलाच नको. आणि एवढे करून ज्याच्या नकलांवर बावीस पोरे हसतात तो मुलगा मला ठाऊकच नाही. माझ्या वाट्याला ‘हो’, ‘नाही’ आणि ‘झालं’ म्हणणारा एक भाडेकरू आलेला आहे. आणि नकला कोणाच्या करतो, हे मी विचारले नाही. माझ्याच असाव्यात, असा दाट संशय आहे.

सांगलीहून आईंचा फोन आला तेव्हा मी त्यांना हा प्रकार मुंजीच्या आधाराने समजावून द्यायला गेले. “उपाशी ठेवतात म्हणजे काय गं? मुंजीत कोणी पोराला झाडाखाली एकटं निजवत नाही,” असे म्हणून त्यांनी तो आधारच काढून घेतला. तरी मुंज मनातून जाईना. पुण्याच्या त्या कार्यालयात मातृभोजनाला निनाद माझ्या ताटात जेवायला बसला होता. आठ वर्षांचा होता, लाडू अर्धा खाऊन त्याने उरलेला माझ्या बाजूला सरकवला होता. आईबरोबर एका ताटात जेवायची ही शेवटची वेळ, असे गुरुजींनी सांगताच सगळ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला आणि मी फोटोग्राफरकडे पाहून हसले, कारण संध्याकाळी तो पुन्हा माझ्याच ताटातून खाणार हे मला ठाऊक होते. खाल्लेही त्याने. नंतर समीरने शालीआड त्याच्या कानात गायत्री मंत्र सांगितला तेव्हा मी शालीबाहेर होते, आणि तेव्हा मला काडीचेही वाईट वाटले नव्हते. तो मंत्र आता लोकांच्या रिंगटोनमध्ये वाजतो हे खरे. तरीही त्या शालीच्या आत काय घडले हे मी आजतागायत दोघांपैकी कोणालाही विचारलेले नाही. मंगळवारी माझा हात थांबला तो कदाचित त्याच सवयीने.

आज दुपारी त्याने सामान स्वतः भरले. कामाच्या हातमोज्यांवर मार्करने नाव घातले, रेनकोटची गुंडाळी केली, पाण्याची बाटली लावली. तो अंघोळीला गेला असताना मी बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात गुळपापडीच्या वड्यांचा छोटा स्टीलचा डबा सरकवला. निघताना पाहते तर डबा गॅसशेजारी ओट्यावर ठेवलेला, झाकण घट्ट लावलेले. तो काही बोलला नाही, मीही बोलले नाही. खरे तर आमच्यात अलीकडे झालेला सगळ्यांत स्पष्ट संवाद तोच म्हणायला हवा.

गाडीत बसताना मी मनाशी ठरवले होते की फाटकापर्यंत आपणही मौन पाळून पाहायचे. एलांगोमॅटला जमते तर मला का जमू नये? अकराव्या मिनिटाला मी विचारले, “जास्तीचे मोजे घेतलेस ना?” “हो.” आता इथे बसून मी आजच्या दिवसभरात त्याच्याशी काय काय बोलले ते आठवून कागदावर लिहून काढले. एकूण चौदा वाक्ये निघाली. जेवलास का, गृहपाठ पाठवलास का, चार्जर राहू दे, ती चादर उचल. नऊ प्रश्न आणि पाच हुकूम. यांतल्या एकाही वाक्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ याहून मोठे उत्तर कोणी का द्यावे? मुलाला मौन सोपे गेले तर त्यात नवल काय. मी त्याच्याकडून त्याचा सराव रोज दोन्ही वेळा करून घेते आहे.

आणि मौन शिकवणारे दुसरे गुरुजी जेवणाच्या टेबलाशी बसलेच होते. निनादच्या खुर्चीवर कोणी नाही, आमटी निवते आहे, आणि समीर फोनवर हवामान पाहतो आहे. मी मुद्दाम गप्प बसून राहिले. पुष्कळ वेळाने तो म्हणाला, “मीठ कमी आहे का?” माझे वडील याच स्वरात, वर्तमानपत्राच्या मागून, हेच वाक्य म्हणत असत. मला एकाएकी इतके हसू आले की समीरने फोन खाली ठेवून विचारले, काय झाले? मी त्याला निनादचे वाक्य सांगितले. तो बराच वेळ आमटी ढवळत राहिला. मग म्हणाला, “नकला तो माझ्याही करत असेल, नाही?” आणि मग त्याने, लग्नाला अठरा वर्षे झाल्यावर पहिल्यांदाच, स्वतःच्या वडिलांची नक्कल करून दाखवली. बरी होती.

उद्या संध्याकाळी ऑर्डील संपेल, विधी होईल, सगळ्यांना पोटभर जेवायला मिळेल, आणि परवा सकाळी दहाला आम्ही त्याला आणायला जाऊ. पट्टा तेव्हा अंगावर असेल की बॅगेत, कोण जाणे. ‘कसे झाले?’ हे विचारायचे नाही असे मी ठरवले आहे. त्याऐवजी काय बोलावे म्हणून एका कागदावर चार-पाच वाक्ये लिहून पाहिली. प्रत्येकाच्या शेवटी प्रश्नचिन्ह आले, म्हणून ती खोडली.

वड्यांचा डबा मात्र आत्ताच गॅरेजमध्ये जाऊन गाडीत ठेवून आले. मागच्या सीटवर, त्याच्या बाजूला, झाकण जरा सैल करून.