1927 ची मुंबई: संध्याकाळच्या दोन तासांसाठी दिवसभराची खटपट

23 जुलै 1927, शनिवार. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचं उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झालं. हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्या संध्याकाळी घरी बसून ते ऐकायचं, तर सकाळपासून काय काय करावं लागायचं, हे फारसं कुणी लिहीत नाही. बटण दाबलं की वाजणारा रेडिओ अजून लांब होता. बहुतेकांच्या आवाक्यातला संच म्हणजे क्रिस्टल सेट: ना बॅटरी, ना व्हॉल्व्ह (क्षीण लहर वाढवणारी, दिव्यासारखी काचेची नळी). केंद्रावरून हवेत सोडलेल्या शक्तीतला जो कण आपल्या तारेवर पडेल, तोच थेट हेडफोनचा पडदा हलवणार. म्हणजे वाटेत जिथे गळती, तिथे आवाज गेला. आणि महिना कुठला, तर आषाढ!

मुंबईचा प्रक्षेपक दीड किलोवॅटचा, तरंगलांबी सुमारे 357 मीटर, म्हणजे 840 किलोहर्ट्झ. खात्रीचा पल्ला सुमारे 48 किलोमीटर. कल्याणपर्यंत ठीक. पुण्याला क्रिस्टल घेऊन बसण्यात अर्थ नाही. तिथे व्हॉल्व्हचा संच हवा, आणि रात्री तोही दगा द्यायचा, कारण तेवढ्या अंतरावर जमिनीलगत आलेली लहर आणि वरून परतलेली लहर एकमेकींना कधी साथ देतात, कधी मारतात. गाणं रंगात येतं आणि आवाज विहिरीत गेल्यासारखा बुडतो.

सकाळी पहिली फेरी गच्चीवर. एरियल म्हणजे पिळाची उघडी तांब्याची तार, खाली येणारा भाग धरून शंभर फुटांच्या आसपास. दोन्ही टोकांना चिनीमातीचे अंड्याच्या आकाराचे इन्सुलेटर, आणि ते एकेक नाही, दोन-दोन एकापाठोपाठ. समुद्रावरचा खारा वारा त्यांच्यावर मिठाचा थर चढवतो. कोरड्या हवेत तो थर निरुपद्रवी, पण पहिली सर पडली की तोच ओला होऊन वीज वाहून नेतो. म्हणून ओल्या फडक्याने पुसायचे आणि मग कोरडे करायचे. खाली उतरणारी तार भिंतीपासून हातभर लांब हवी आणि खिडकीतून आत येताना चिनीमातीच्या नळीतून यावी. ओल्या भिंतीला टेकलेली तार म्हणजे अर्धा कार्यक्रम शेजाऱ्याच्या भिंतीला ऐकवणं.

अर्थसाठी, म्हणजे संच जमिनीला जोडायला, पाण्याचा नळ उत्तम. पण नुसती तार गुंडाळून भागत नाही. नळावरचा रंग आणि गंज कानशीने घासून धातू चमकेपर्यंत उघडा करायचा आणि पट्टी आवळून बसवायची. पावसाळ्यात तांब्या-लोखंडाच्या सांध्याला गंजाचा थर येतो आणि आवाज हळूहळू खाली जातो. हळूहळू जातो म्हणूनच लक्षात येत नाही, आणि माणूस उगाच क्रिस्टलला दोष देत बसतो.

आता कॉइल, म्हणजे स्टेशन लावायचं तारेचं वेटोळं. तीन इंच व्यासाची पुठ्ठ्याची नळी, तिच्यावर 24 गेजची, दुहेरी सूत गुंडाळलेली तार, वेढ्याला वेढा लावून. शंभर फुटी एरियलची स्वतःचीच धारकता (वीज साठवायची क्षमता) दोनशे-अडीचशे पिकोफॅरड असते. तिला समांतर 0.0005 मायक्रोफॅरडचा फिरता कंडेन्सर (नॉब फिरवून धारकता कमी-जास्त करायचा भाग) लावला आणि एकूण धारकता 400 पिकोफॅरड धरली, तर 840 किलोहर्ट्झला साधारण 90 मायक्रोहेन्रीची कॉइल लागते. या नळीवर ते तीस वेढ्यांत होतं. तरी पन्नास वेढे घालून पंचविसाव्यापासून दर पाच वेढ्यांना टॅप (मधूनच जोडणी करायचं टोक) काढलेला बरा, कारण प्रत्येक घरचं एरियल वेगळं. नळी मात्र आधी चुलीच्या उबेला सुकवून पातळ मेणात बुडवायची आणि मगच तार गुंडाळायची. ओल्या पुठ्ठ्यावर घट्ट गुंडाळलेली कॉइल पुठ्ठा सुकल्यावर सैल पडते. तारेवरचं सूत तर पावसाळी हवेतला दमटपणा पापडासारखं शोषतं. कॉइल ओलसर झाली की स्टेशन एका जागी टोकदार न लागता कंडेन्सरच्या निम्म्या फेरीत पसरून लागतं. ही एक खूण आहे.

एबोनाइटच्या (गंधक घालून कडक केलेल्या रबराच्या) पॅनेलबद्दल एक सूचना: तो उन्हात ठेवू नका. प्रकाशाने त्यातला गंधक बाहेर पडून पृष्ठभाग हिरवट-तपकिरी होतो, आणि दमट हवेत त्यावर आम्लाचा अदृश्य थर तयार होतो. दिसायला तो फक्त जुना दिसतो, पण दोन टर्मिनलच्या मधून विजेला वाट देतो.

खरी परीक्षा लहरींतून आवाज वेगळा काढणाऱ्या क्रिस्टलची. गॅलेना, म्हणजे शिशाचं सल्फाइड. चमकदार चौकोनी पैलूंचा खडा. तो पितळी वाटीत बसवायला नेहमीचा डाख (सोल्डर) चालत नाही, कारण त्या उष्णतेने खड्याची संवेदनशीलता जाते. त्यासाठी वुड्स मेटल हा मिश्रधातू, जो सत्तर अंश सेल्सियसच्या आसपासच वितळतो. खडा चिमट्यानेच धरायचा. बोटाचा तेलकटपणा लागला की तो मुका झाला. त्यावर टेकणारी तार केसासारखी बारीक, वळणदार, टोक तिरकं कापलेलं. दाब इतका हलका की फुंकर मारली तर सुटावी.

आणि ‘जिवंत’ जागा शोधायची कशी? केंद्र संध्याकाळी सुरू होणार, दिवसभर हवेत काही नाही. यावर उपाय साधा आणि फार हुशारीचा होता: कोरड्या सेलवर चालणारा छोटा बझर एरियलच्या तारेजवळ ठेवायचा. त्याच्या ठिणगीतून क्षीण लहरी निघतात. हेडफोन कानाला लावून टोक खड्यावर इकडेतिकडे टेकवत राहायचं; बझरची गुणगुण जिथे सर्वांत मोठी येईल ती जागा पक्की. हे काम दुपारीच उरकायचं. कार्यक्रम सुरू झाल्यावर खडा चाचपत बसणाऱ्याचा निम्मा कार्यक्रम चाचपण्यातच जातो.

व्हॉल्व्हचा संच असेल तर वेगळी ददात. जुन्या झगझगीत व्हॉल्व्हला 4 व्होल्टवर 0.7 अँपिअर लागायचे. नव्या मंद व्हॉल्व्हना 3 व्होल्टवर 0.06 अँपिअर पुरे. फरक बारापट! अ‍ॅक्युम्युलेटरच्या (पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटरीच्या) लेबलवरचा आकडाही जपून वाचायचा: कित्येक विलायती कारखाने मोटारीच्या ठिणगीसाठीची क्षमता छापत, आणि सलग वापरात मिळायची तिच्या निम्मी. 40 छापले असतील तर 20 अँपिअर-तास. म्हणजे जुन्या एका व्हॉल्व्हला 28 तास. सेल 1.8 व्होल्टवर आला की थांबायचं आणि लगेच चार्जिंगला न्यायचं. उतरलेला तसाच आठवडाभर ठेवला तर पट्ट्यांवर पांढरा कठीण थर बसतो आणि तो सेल पुन्हा पहिल्यासारखा कधीच भरत नाही.

केंद्रावरची तयारीही काही कमी नसायची. कार्बन मायक्रोफोनमधले कण दमट हवेत एकमेकांना चिकटतात, आवाज बोदा होतो आणि मागे सतत फुसफुस येते. प्रवाह बंद करून हलक्या हाताने टिचकी मारायची. प्रवाह चालू असताना मारली तर सांध्यांत ठिणग्या पडून कण कायमचे जळतात. तबला मायक्रोफोनपासून मागे, गायक पुढे, तंबोरा जवळ. आवाज आपोआप आवरणारी यंत्रणा नव्हती. थाप जोरात बसली की प्रक्षेपक फाटायचा, म्हणून नियंत्रणाच्या नॉबवर हात ठेवून माणूस बसायचाच.

संध्याकाळ. हेडफोन 4000 ओमचे. दोघांना ऐकायचं तर दुसरी जोडी सिरीजमध्ये, पण शक्ती वाटली जाणार. केंद्राजवळ राहणारे हेडफोन पितळी पातेल्यात ठेवून चार जणांना ऐकवू शकत. ट्रामच्या वाटेवर घर असेल तर प्रत्येक गाडीमागे खर्रकन आवाज. मात्र सगळ्यांत संताप आणणारी गोष्ट म्हणजे शेजारचा हौशी. त्याने व्हॉल्व्हच्या संचातलं रिअ‍ॅक्शन (वाढवलेली लहर पुन्हा आत सोडून आवाज मोठा करणारा नॉब) जास्त फिरवलं की तो संच स्वतःच प्रक्षेपक होतो. केंद्र 840 वर, हा 841 वर. फरकाची एक किलोहर्ट्झची शिट्टी आजूबाजूच्या सगळ्या घरांत. तो बिचारा मात्र ‘आज स्टेशनच खराब आहे’ म्हणून अजून फिरवतो.

या सगळ्यासाठी परवाना वर्षाला 10 रुपयांचा, त्यातले 80 टक्के कंपनीला. 1929 अखेर देशभर परवाने आठ हजारांच्या आतच होते. आठ हजार धरले तरी कंपनीला परवान्यांतून वर्षाचे 64 हजार, आणि चालवायची मुंबई-कलकत्ता दोन केंद्रं. मार्च 1930 मध्ये कंपनी गुंडाळली गेली, आणि एप्रिलपासून सरकारने कारभार हाती घेतला. परवान्याविना ऐकणारे पुष्कळ होते असं म्हणतात, पण माझ्या मते दोष 48 किलोमीटरच्या पल्ल्याचा. ज्याला बॅटरी परवडत नाही त्याला त्या वर्तुळाबाहेर रेडिओच नव्हता.

कार्यक्रम संपला की एरियलचा स्विच अर्थकडे टाकायचा. रात्री वीज कडाडली तर ती संचात न शिरता नळाने जमिनीत जावी. क्रिस्टलवरची तार उचलायची नाही, संच हलवायचा नाही, वर काचेचा पेला पालथा घालायचा. जिन्यावरून कुणी धावत गेलं तर जागा सुटेलच, आणि उद्या दुपारी पुन्हा बझर काढायचा.