आजींनी खांद्यावर हात ठेवला

नायब तहसीलदार म्हटलं की लोकांना सातबारा, फेरफार, निराधार योजनेच्या याद्या आणि निवडणुका आठवतात. आमच्या नावाखाली पाटीवर 'तथा कार्यकारी दंडाधिकारी' असंही लिहिलेलं असतं, पण त्याची आठवण बहुधा पोलिसांनाच असते. जळीत प्रकरणातला मृत्युपूर्व जबाब, विवाहितेच्या मृत्यूचा पंचनामा, आणि ओळख परेड, म्हणजे साक्षीदाराने रांगेतून आरोपी ओळखून दाखवायची ती. पोलीस ठाण्याचं पत्र आलं की हातातली वसुलीची बैठक टाकून निघायचं.

त्या वेळचं पत्र दरोड्याच्या तपासातलं होतं. शेजारच्या तालुक्यात एका शेतवस्तीवर रात्री पाच-सहा जण घुसले होते. म्हाताऱ्याला काठ्यांनी मारलं, मुलाला बाजेला बांधलं, आजींच्या गळ्यातली बोरमाळ आणि कानातली फुलं ओरबाडली. ओसरीत एकच पिवळा बल्ब, बाकी दरोडेखोरांच्या हातातल्या बॅटऱ्या. बाकीच्या आरोपींकडून काही ना काही माल निघाला होता. एकाकडून मात्र काहीच नाही. त्याच्याविरुद्ध सगळी भिस्त साक्षीदारांच्या डोळ्यांवर होती आणि त्याचीच परेड मला घ्यायची होती.

परेड दिसते सोपी, पण तिच्यात जागोजाग खड्डे असतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलमध्ये तिची रीत दिलेली आहे. एका आरोपीमागे रांगेत किमान सहा दुसरी माणसं हवीत, वयाने, अंगकाठीने, पेहरावाने मिळतीजुळती. दोन प्रतिष्ठित पंच. पोलीस आसपास फिरकता कामा नयेत. आरोपीने रांगेत कुठे उभं राहायचं ते त्याने ठरवायचं, आणि प्रत्येक साक्षीदारानंतर त्याला जागा आणि कपडे बदलायची मुभा द्यायची. पंच म्हणून मी गावातले एक निवृत्त मुख्याध्यापक आणि तहसीलसमोरचा झेरॉक्सवाला असे दोघे नेले होते. कारागृहाच्या दारात मोबाइल जमा, मनगटावर शिक्का, आणि आत.

जेलरने डमी म्हणून, म्हणजे आरोपीबरोबरची दुसरी माणसं म्हणून, आधी जे कच्चे कैदी (खटला अजून निकाली न निघालेले) उभे केले, ते बघून मी कपाळाला हात लावला. आरोपी पंचविशीतला, सावळा, शिडशिडीत. आणि रांगेत एक पोट सुटलेला पन्नाशीचा गृहस्थ, एक गोरापान मिशीवाला, एक तर चष्मेवाला. अशा रांगेतून आरोपी कुणीही निवडून दाखवील, दरोडा बघितलेला नसला तरी. निम्मे परत पाठवले. दुसऱ्या बराकीतून माणसं येईपर्यंत तासभर गेला आणि जेलरसाहेबांची माझ्यावरची मर्जी तेवढ्यात संपली.

मग दुसरी अडचण लक्षात आली. आरोपीच्या डाव्या भुवईवर जुन्या जखमेची ठळक खूण होती, आणि मुलाच्या जबाबात 'डोळ्यावर खूण असलेला' असा उल्लेख होता. खूण उघडी ठेवली तर साक्षीदार खूण ओळखणार, माणूस नाही. जेलच्या दवाखान्यातून चिकटपट्टी मागवली. मुख्याध्यापक कात्रीने बोटभर तुकडे कापत होते आणि झेरॉक्सवाला एकेकाच्या डाव्या भुवईवर ते डकवत होता. तो धंद्याच्या सवयीने सगळे तुकडे अगदी एका मापात चिकटवत गेला. सात जण, सात पांढऱ्या पट्ट्या. रांगेतला एक जण म्हणाला, "साहेब, आम्हाला बी मारलं म्हणून लिहू नका म्हणजे झालं."

पहिला साक्षीदार मुलगा. तिशीचा, तरतरीत. आत आला, रांगेवर एक नजर टाकली आणि तिसऱ्या माणसाच्या छातीवर हात ठेवून म्हणाला, "हाच. शंभर टक्के." जागचा हललाही नाही. तो तिसरा माणूस डमी होता. "अहो, मी दारूच्या केसमधी हाय!" म्हणून तो ओरडलाच. त्याला गप्प करता करता माझी तारांबळ उडाली. मी मुलाला काहीच बोललो नाही. चूक किंवा बरोबर हे साक्षीदाराला सांगायचं नसतं, चेहऱ्यानेही नाही. त्याला दुसऱ्या दाराने वेगळ्या खोलीत बसवलं, म्हणजे आजींशी गाठ पडायला नको. आरोपीने सदरा बदलला आणि पाचव्या जागेवर जाऊन उभा राहिला.

आजी आल्या त्या चपला दाराबाहेर काढून. नऊवारी, डोक्यावरून पदर, कानाच्या पाळीला टाके घातल्याचे वण. काय करायचं ते मी समजावून सांगितलं. मुख्य म्हणजे हेही सांगितलं की तो माणूस या रांगेत असेलच असं नाही, नसेल तर नाही म्हणा. त्यांनी एकेकाला नीट न्याहाळलं. पण मला एक दिसत होतं, त्यांची नजर चेहऱ्यावरून सारखी खाली हातांकडे जात होती. मी विचारलं नव्हतं तरी म्हणाल्या, "कोयत्याच्या मुठीला सुतळी गुंडाळलेली व्हती, हिरवी. डाव्या अंगाला सुटलेली." कोयत्याची मूठ त्यांना टाक्याटाक्यासकट पाठ होती. मूठ धरणाऱ्याचं तोंड मात्र त्या शोधत होत्या.

यावर अभ्यास झालेले आहेत, हे मी पुढे वाचलं. अमेरिकेत १९८७ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना एका फास्ट फूड हॉटेलातली चित्रं दाखवली आणि त्यांच्या नजरा कुठे फिरतात ते मोजलं. एका संचात गिऱ्हाईक रोखपालापुढे पिस्तूल धरतं, दुसऱ्यात चेक. पिस्तूल पाहणाऱ्यांची नजर पिस्तुलावरच जास्त खिळली आणि त्या माणसाबद्दल त्यांना कमी आठवलं. कोयता गळ्याशी असताना माणूस कोयत्याकडेच बघणार, हे आमच्या आजींना कुणी प्रयोगशाळेतून सांगायची गरज नव्हती. पण कोर्टात वकील जेव्हा विचारतो की "इतक्या जवळून बघूनही चेहरा कसा आठवत नाही?", तेव्हा हे ठाऊक असलेलं बरं.

आजी पाचव्यापुढे थांबल्या. पुढे सहाव्या, सातव्याकडे गेल्या, परत आल्या. "ह्येला बोलाय लावा," म्हणाल्या. "आवाज ऐकला की सांगते." पोलिसांचं पत्र चेहऱ्याच्या ओळखीपुरतं होतं, त्यामुळे मी नाही म्हटलं आणि त्यांची विनंती मात्र टिपून घेतली. मग त्यांनी पाचव्याच्या खांद्यावर हात ठेवला. आम्ही सगळे थांबलो. हात तसाच ठेवून त्या म्हणाल्या, "असाच व्हता. पर ह्योच म्हणून माझ्या जिवाला ग्वाही देता येत न्हाई."

मी मेमोरँडम, म्हणजे परेडची लेखी नोंद, लिहायला घेतलं. आमच्या खात्यात एक छापील वळण आहे: 'साक्षीदाराने रांगेतील डावीकडून अमुक इसमास हात लावून ओळखले.' हात सराईतपणे तेच लिहू पाहतो. मी आजींचं वाक्य त्यांच्याच बोलीत, अवतरणात घेतलं, सुमारे दोन मिनिटं त्या त्याच्यापुढे थांबल्या हेही घातलं, आणि पंचांच्या सह्या घेतल्या.

दाराबाहेर तपासी अंमलदार वाट बघत होते. मेमोरँडम वाचून त्यांचा चेहरा उतरला. "साहेब, हात लावला ना? मग 'ओळखले' एवढंच असू द्या की. पुढचं कशाला?" मी म्हटलं, हातही त्यांचाच आणि पुढचं वाक्यही त्यांचंच. ते फार बोलले नाहीत. वरून दट्ट्या असतो त्यांच्यावर, मला ते कळतं.

पण त्या दिवसातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट माझ्या मते रांगेसमोर घडलीच नाही. कारागृहाच्या बाहेर, लिंबाच्या झाडाखाली आजी जीपची वाट बघत उभ्या होत्या. त्यांच्याबरोबर आलेला हवालदार भला माणूस होता, वाटेत त्यांना चहा पाजलेला. कानोसा घेऊन त्याला कळलंच असणार. तो आजींना म्हणाला, "शाबास आजी! बरोब्बर धरलात!" आजींनी त्याच्याकडे बघितलं. "व्हय? त्योच ना त्यो?" आणि पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "मला वाटलंच." आत खांद्यावर हात ठेवताना जे ओझं त्यांच्या तोंडावर दिसत होतं ते क्षणात उतरलं.

या 'शाबास'चाही अभ्यास झालेला आहे. १९९८ साली गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफील्ड यांनी लोकांना एका माणसाचं कॅमेऱ्यातलं चित्रण दाखवलं आणि नंतर फोटोंतून तो ओळखायला सांगितलं. त्या फोटोंत तो माणूस मुळात नव्हताच, म्हणजे प्रत्येकाची निवड चुकीचीच होती. त्यातल्या काहींना वरकरणी सहज सांगितलं की छान, तुम्ही संशयितालाच ओळखलंत. एवढ्या एका वाक्यावर त्यांची खात्री वाढली. इतकंच नाही, आपल्याला तो नीट दिसला होता, आपण लक्ष देऊन बघत होतो, असंही ते सांगू लागले. म्हणजे खात्री नंतर येते आणि मागे जाऊन आठवणच दुरुस्त करते. त्यात कुणी खोटं बोलत नसतं. मुरलेले पोलीस आणि मुरलेले वकील खोटं बोलणारा साक्षीदार पकडतात, पण मनापासून खरं बोलून चुकणाऱ्या साक्षीदारापुढे त्यांचं काही चालत नाही.

खटला उभा राहिला तो काही वर्षांनी. माझी तोवर बदली झाली होती. समन्स आलं, सत्र न्यायालयात गेलो. आजींची साक्ष जेवणाच्या सुट्टीआधी झाली, माझी नंतर. साक्षीदाराला दुसऱ्याची साक्ष चालू असताना आत बसू देत नाहीत, म्हणून मी व्हरांड्यातल्या बाकावर होतो. सरतपास, म्हणजे सरकारी वकिलांचे प्रश्न, साधाच झाला. मग बचावाचे वकील उठले. मला वाटलं होतं, नेहमीचे प्रश्न येतील: पंच तुमच्या ओळखीचे होते का, आरोपीचा फोटो पेपरात आला होता का. त्यांनी तसलं काही विचारलं नाही. आजींची सकाळची साक्ष मला वाचून दाखवली: जेलमध्ये मी आरोपीला बघताक्षणी ओळखलं, तेव्हाही माझ्या मनात शंका नव्हती, आजही नाही, तोच तिथे बसला आहे. आणि मग शांतपणे विचारलं, "मेमोरँडममधलं अवतरणातलं वाक्य कुणाचं?"

"साक्षीदाराचं."

"तुमच्या मनाने काही घातलंत?"

"नाही."

"परेडनंतर तुमच्यासमोर साक्षीदाराशी कुणी काही बोललं?"

सरकारी वकिलांनी मान वर केली. मी सरकारी पक्षाचा साक्षीदार होतो. पण शपथ घेतलेली होती, आणि ऐकलेलं मला ऐकू आलेलं होतं. मी हवालदाराचं वाक्य सांगितलं. न्यायाधीशांनी स्टेनोला ते पुन्हा वाचायला लावलं आणि मला स्वतः एकच प्रश्न विचारला, हात लावण्याआधी त्या किती वेळ थांबल्या होत्या. ते लिहिलेलं होतं. लगेच ओळखलं म्हणजे बरोबरच असं मात्र मी मुळीच म्हणणार नाही. मुलाने क्षणात ओळखलेला माणूस दारूच्या केसमधला होता.

इथे आपल्या कायद्यातली एक गंमत मला खुपते. सर्वोच्च न्यायालयाने मलखानसिंग विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या २००३ च्या निकालात स्पष्ट केलं आहे की साक्षीदाराने कोर्टात पटवलेली ओळख हाच मूळ पुरावा, परेड तिला बळकटी देण्यापुरती. १८७२ च्या पुरावा कायद्याचं ९ वं कलम आता नव्या साक्ष अधिनियमात ७ वं झालं, तरी तत्त्व तेच आहे. पण कोर्टात आरोपीच्या पिंजऱ्यात कोण बसलंय हे शेंबड्या पोरालाही कळतं. तिथे ना सहा डमी, ना चिकटपट्ट्या. म्हणून तर जुने न्यायाधीश परेडचा कागद इतक्या बारकाईने वाचतात. आणि तो कागद 'हात लावून ओळखले' एवढ्यावर उरकणारे माझे भाऊबंद बघितले की माझा संताप होतो.

निकालाचं सांगून टाकतो. ज्यांच्याकडून दागिने निघाले त्यांना शिक्षा झाली, हा संशयाच्या फायद्यावर सुटला. तो त्या रात्री वस्तीवर होता की नव्हता? मला विचाराल तर असावाही. माझं काम ते ठरवण्याचं नव्हतं.

साक्ष संपवून बाहेर आलो तर आजी व्हरांड्यात बसल्या होत्या, मुलगा भत्त्याच्या कागदावर सही करायला गेला होता. आत काय झालं ते त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. मला वाटलं, आता बोल लावतील. पण त्यांनी शेजारची पिशवी उचलून मला बसायला जागा केली.

"लेकरा, तू तसं लिवलंस म्हणत्यात. म्या तवाच सांगितलं व्हतं, ह्योच म्हणून. बघितल्या बघितल्या."

मी म्हटलं, "आजी, तुम्ही 'ग्वाही देता येत नाही' असं म्हणाला होतात. मी जसंच्या तसं लिहिलंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, कीव आल्यासारखं. "उनाचा दिस व्हता तो. सकाळपासून उपाशी असशील. न्हाई राहत ध्यानात माणसाच्या." मुलगा आला, एसटीची वेळ झाली म्हणाला. उठता उठता त्या मला म्हणाल्या, "रातच्याला चार बदाम भिजत घालीत जा आन सकाळच्याला खात जा. डोस्कं शाबूत राहतं."