एका गल्लीतले दोन गावकरी

चीनमधल्या शेनझेन शहराचे जे व्हिडिओ आपल्याकडे फिरतात, त्यांत काचेचे मनोरे आणि आकाशातले ड्रोनचे खेळ असतात; मी राहतो ते शाजिंग त्यांत सहसा नसते. शहराच्या वायव्य टोकाला, बाओआन जिल्ह्यातला हा भाग कालवांसाठी, म्हणजे ऑयस्टर शिंपल्यांसाठी प्रसिद्ध. माझे घरमालक तरुणपणी वडिलांबरोबर खाडीत कालवे काढायला जात. आज त्यांची सात मजली इमारत आहे आणि तिच्यातल्या सगळ्या खोल्यांचे भाडे दर महिन्याला त्यांच्या मोबाइलवर जमा होते.

अशा इमारतींना इथे ‘वोशौलोउ’, म्हणजे हस्तांदोलनाच्या इमारती म्हणतात, कारण खिडकीतून हात बाहेर काढला की समोरच्याशी हात मिळवता येतो. मला ही अतिशयोक्ती वाटली होती. पण पहिल्याच आठवड्यात समोरच्या बाईंनी स्वयंपाकघराच्या गजांतून मला लायटर दिला. भर दुपारीही आमच्याकडे दिवा लावावा लागतो.

या बाई हुनान प्रांतातल्या खेड्यातून आल्या आहेत आणि चार घरी साफसफाई करतात. त्यांना सगळे ‘आयी’ म्हणतात. त्याचा अर्थ मावशी. कामाला येणाऱ्या बाईंना मावशी म्हणण्याची सवय असल्यामुळे हा एक चिनी शब्द मला शिकावा लागला नाही.

मालक आणि मावशी, दोघेही जन्माने गावकरी, शेतकरी म्हणून नोंदलेले. १९५८ च्या कायद्याने चीनमध्ये प्रत्येकाची ‘हुकोउ’ ही नोंद एका ठिकाणाशी बांधली गेली आणि शाळा, दवाखाना, निवृत्तिवेतन या गोष्टी पुढे त्या नोंदीवर ठरू लागल्या. दुसरीकडे, १९८२ च्या राज्यघटनेने शहरातली जमीन सरकारची आणि गावातली गावाच्या सामूहिक मालकीची ठरवली. १९८० साली शेनझेनला विशेष आर्थिक क्षेत्राचा दर्जा मिळाल्यावर कारखाने आले, शेतजमिनी गेल्या, पण घराखालच्या जागा बहुतांशी गावकऱ्यांकडेच राहिल्या, आणि कामगारांना राहायला खोल्या हव्या असल्यामुळे त्या जागांवर मजल्यांवर मजले चढत गेले. २००४ मध्ये उरलेल्या गावकऱ्यांनाही शहरी नोंद मिळाली. पूर्वीच्या गावाची आता गावकरी भागधारक असलेली कंपनी झाली आहे आणि मालकांना तिचा वार्षिक लाभांशही मिळतो.

शाजिंग त्या काळी कुंपणाबाहेर होते. विशेष क्षेत्राभोवती सुमारे ८५ किलोमीटरचे तारेचे कुंपण होते आणि बाहेरच्या चिनी नागरिकालाही आत जायला परवाना लागे. २०१० मध्ये क्षेत्र सगळ्या शहरभर वाढवले गेले, २०१८ मध्ये ती सीमा अधिकृतपणे रद्द झाली. तरी जुने लोक अजून ‘ग्वाननेई’ आणि ‘ग्वानवाई’, नाक्याच्या आत आणि नाक्याबाहेर, असेच बोलतात.

मावशींची मुलगी हुनानमध्ये आजीजवळ शिकते. इथल्या सरकारी शाळेत प्रवेश गुणांवर मिळतो. घर स्वतःचे आहे की भाड्याचे, सामाजिक विम्याचे हप्ते किती वर्षे भरले, यांवर ते गुण ठरतात. आणि चार घरची कामे करणाऱ्या बाईचा हप्ता भरायला कुठलाही मालक नसतो. रात्री नऊला त्यांचा व्हिडिओ कॉल सुरू होतो आणि मुलीचे गणित मला भिंतीपलीकडून ऐकू येते.

२०२३ मध्ये चीनमधल्या शहरी माणसाचे सरासरी वार्षिक खर्चयोग्य उत्पन्न ५१,८२१ युआन होते, तर ग्रामीण माणसाचे २१,६९१. आकडे खरे आहेत. पण आमच्या गल्लीतली दरी त्यांत मावत नाही, कारण इथे दोन्ही बाजूंना गावकरीच आहेत. एकाच्या गावापर्यंत शहर चालत आले, दुसरीला शहरापर्यंत चालत यावे लागले. मालकांविषयी मला राग नाही, ते सज्जन आहेत. तरी विजेचा दर सरकारी दरापेक्षा जास्त का लावता, असे मी विचारले तेव्हा ते नुसते हसले.

आता पुनर्विकासाची चर्चा सुरू झाली आहे. शहराच्या मध्यभागातली बायशिजोउ ही अशीच दाट वस्ती २०१९ मध्ये रिकामी होऊ लागली. अशा वेळी मालकाला बांधकामाच्या क्षेत्रफळानुसार मोबदला मिळतो, भाडेकरूला खोली सोडण्याची मुदत. गेल्या महिन्यात मोजणीवाले आमच्या गल्लीत आले; मालकांनी त्यांना चहा पाजला आणि फीत स्वतः धरली. मावशींनी त्या रात्री गजांतून विचारले, मेट्रोची अकरा नंबरची लाइन कुठपर्यंत जाते? मी सांगितले, बीतोउपर्यंत. त्यांनी मान हलवली. त्यापुढे दोंगग्वान हे शेजारचे शहर, आणि तिकडे खोल्या स्वस्त आहेत, असे त्यांच्या बहिणीने कळवले आहे.